मागावर विणलेले कुंपण

दगड, माती आणि काटे एवढ्याच सामग्रीवर आपल्याकडची कुंपणे शतकानुशतके उभी राहिली. कोकणात जांभ्याचा गडगा आणि काट्याकुट्यांची वई. देशावर बांधाला रोवलेल्या बोरी-बाभळीच्या फांद्या, नाहीतर शेर, चिलार, निवडुंग. यातला फड्या निवडुंग आणि घायपात हे दोघेही मूळचे अमेरिका खंडातले. पण आपल्या बांधांवर ते असे रुळले की आज त्यांना परके म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गडाभोवतीची झाडी प्रयत्नाने राखण्यास बजावले आहे. म्हणजे जिवंत झाडांचे कुंपण ही केवळ कुणब्याची सोय नव्हती, ती राजनीतीही होती. या विचाराचा अतिरेक इंग्रजांनी केला. मिठावरचा कर चुकू नये म्हणून सिंधूपासून खानदेशाच्या वेशीवरच्या बऱ्हाणपुराकडे आणि तिथून महानदीपर्यंत त्यांनी जकातीची नाकेबंदी घातली होती. सुमारे अडीच हजार मैलांच्या या रेषेवर १८६०-७०च्या दशकांत शेकडो मैल बाभूळ, करवंद, बोर आणि निवडुंगाची काटेरी भिंत वाढवण्यात आली. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, ज्यांचे नाव आपण काँग्रेसच्या स्थापनेसाठी लक्षात ठेवतो, ते जकात खात्याचे आयुक्त असताना या कामाला विशेष जोर चढला. पण जिवंत कुंपणाला वाळवी लागते, वणवा लागतो, वादळ लागते, आणि राखायला माणसे लागतात. १८७२च्या सुमारास या रेषेवर चौदा हजारांच्या आसपास माणसे तैनात होती. १ एप्रिल १८७९ रोजी ही नाकेबंदी उठली आणि काटे तिथेच वाळून गेले. तोवर अमेरिकेत इलिनॉयच्या जोसेफ ग्लिडन याला काटेरी तारेचे पेटंट मिळून चार वर्षे झाली होती. काट्यांचे काम आता झाडाऐवजी तार करणार होती.

तरीही आपल्याला ज्या जाळीच्या कुंपणाचा माग काढायचा आहे, ते काटेरी तारेचे अपत्य नव्हे. त्याचे घराणे वेगळे आहे, आणि ते विणकरांचे आहे. त्यासाठी आपण आणखी तीस वर्षे मागे, इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉर्विच या गावी जाऊ. लोकरी कापडासाठी हे गाव कित्येक शतके प्रसिद्ध होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस काश्मिरी शालींचा युरोपात गाजावाजा झाला तेव्हा त्यांची नक्कल करणाऱ्यांत नॉर्विचचे विणकर आघाडीवर होते. पुढे यॉर्कशायरच्या गिरण्यांनी त्यांचा धंदा हळूहळू ओढून नेला. अशा, माग थंडावत चाललेल्या गावात चार्ल्स बार्नर्ड नावाचा लोखंडी सामानाचा व्यापारी होता. कापडाच्या मागाकडे पाहून त्याने १८४४ मध्ये तारेची जाळी विणणारे, हाताने चालवायचे यंत्र तयार केले. आजही ते नॉर्विचच्या संग्रहालयात पाहायला मिळते. पुढे ‘बार्नर्ड, बिशप अँड बार्नर्ड्‌स’ या नावाने त्याचा कारखाना भरभराटीला आला. कलाकार टॉमस जेकिल याने या कारखान्यासाठी काढलेल्या सूर्यफुलांच्या नक्षीच्या लोखंडी कठड्यांचे कौतुक आजही होते. एकाच छताखाली सौंदर्यासाठी घडवलेले लोखंड आणि कोंबड्यांसाठी विणलेली तार! इतिहासाने कौतुक कठड्यांचे केले, पण जग व्यापले ते जाळीने.

बार्नर्डची जाळी षट्‌कोनी घरांची, पातळ तारेची होती. कोंबड्या आत आणि ससे बाहेर ठेवणे हे तिचे पहिले काम. सशांचा प्रश्न किरकोळ वाटेल. पण १८५९ मध्ये टॉमस ऑस्टिन या जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात मूठभर ससे सोडले आणि काही दशकांत त्यांनी एका खंडाचे गवत फस्त करायला घेतले. त्यांना अडवण्यासाठी पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९०१ ते १९०७ या काळात १,८३३ किलोमीटर लांबीचे एकच एक सलग कुंपण घातले. पण तेही अपुरे पडले: कुंपण पुरे होईपर्यंत कित्येक ससे पलीकडे पोहोचले होते. कुंपण घालण्याची वेळ निघून गेल्यावर ते घालण्याची ही खोड सरकारांना फार जुनी आहे.

हे सारे शक्य झाले ते जस्तामुळे, आणि इथे आपल्याला थोडे रेंगाळले पाहिजे. उघड्या लोखंडी तारेची जाळी दोन-तीन पावसाळ्यांत गंजून गळते. तिला वाचवणारा धातू हाताळण्याची विद्या मात्र युरोपची नव्हे. जस्त ९०७ अंश सेल्सियसला उकळते, आणि त्याचे खनिज त्याहून अधिक तापवावे लागते. त्यामुळे साध्या भट्टीत ते वाफ होऊन उडून जाते. ही अडचण राजस्थानात उदयपूरजवळच्या जावरच्या कारागिरांनी सोडवली. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी, तोंड खाली करून, एका भट्टीत छत्तीस मांडायच्या; वर आच, खाली गारवा; वाफ खाली उतरून तिथेच जस्त होऊन थिजे. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात जस्त काढण्याची अशीच कृती सांगितली आहे. मध्ययुगात जावरला हे काम मोठ्या प्रमाणावर चाले, आणि वापरून टाकलेल्या मुशींचे ढीग आजही तिथे आहेत. त्यांच्या भिंती रचून लोकांनी घरे बांधली. ब्रिस्टॉलच्या विल्यम चॅम्पियनने १७३८ मध्ये जस्त काढण्याचे जे पेटंट घेतले, त्यातही वाफ खालीच उतरत असे. या साम्याकडे अभ्यासकांनी बोट दाखवले आहे. त्यानंतर चार वर्षांनी मालुआँ या फ्रेंच रसायनज्ञाने वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवून त्याला थर देण्याची रीत पॅरिसच्या अकादमीपुढे मांडली, आणि १८३७ मध्ये स्तानिस्लास सोरेल या फ्रेंच अभियंत्याने तिचे पेटंट घेतले. जस्ताची गंमत अशी की ते लोखंडाला नुसते झाकत नाही. ओरखडा पडून लोखंड उघडे झाले, तरी आसपासचे जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. आपल्या परसातल्या जस्ती बादलीचे आणि जस्ती तारेचे सारे आयुष्य या एका गुणावर तोललेले आहे.

तारेची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. न्यूरेंबर्गच्या कारागिरांनी चौदाव्या शतकात पाण्याच्या जोरावर तार ओढायला सुरुवात केली; आल्ब्रेख्त ड्युररने नदीकाठच्या अशाच एका तारेच्या गिरणीचे जलरंगातले चित्र काढून ठेवले आहे. लोखंडाची सळई एकाहून एक बारीक छिद्रांतून ओढत न्यायची; जितक्या वेळा ओढावी तितकी तार बारीक. म्हणूनच आजही तारेच्या गेजचा आकडा वाढला की जाडी घटते, आणि नवखा गिऱ्हाईक दुकानात हमखास गोंधळतो. निरनिराळ्या गावांची निरनिराळी गेजमापे होती. १ मार्च १८८४ पासून ब्रिटनने एकच माप कायदेशीर केले. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात ‘दहा गेज’ किंवा ‘बारा गेज’ म्हणतात ते अजून याच मापाने.

षट्‌कोनी जाळीतून आजच्या चौकटच्या आकाराच्या, म्हणजे चेनलिंक जाळीपर्यंतचा प्रवास एका माणसाच्या नावावर टाकता येत नाही. बर्लिनच्या कार्ल राबित्झ याने १८७८ मध्ये तारेच्या जाळीवर गिलावा करून भिंती आणि छते बनवण्याचे पेटंट घेतले. रशियात तारेच्या कुंपणजाळीला आजही त्याच्याच नावाने ओळखतात, कुंपणाशी त्याचा फारसा संबंध नसतानाही. अमेरिकेत अँकर ही कंपनी १८९१ पासून या विणकामाचा वारसा सांगते. ही जाळी विणणारे यंत्र मात्र खरोखर देखणे आहे. एक चपटे पाते गरगर फिरते, तार त्याच्याभोवती गुंडाळली जाऊन नागमोडी होत पुढे सरकते, आणि सरकता सरकता आधीच्या तारेच्या घरांत मळसूत्रासारखी फिरत शिरते. हवी तेवढी लांबी झाली की तार कापायची, दोन्ही टोके शेजारच्या तारेच्या टोकांत अडकवून वाकवायची किंवा पिळायची, आणि पुढची तार सुरू. गाठ नाही, जोड नाही, डाग नाही. म्हणूनच ही जाळी गुंडाळून चटईसारखी खांद्यावर नेता येते.

विसाव्या शतकात तिने कारखाने, रेल्वेचे आवार, टेनिसची मैदाने आणि अमेरिकी उपनगरांची परसे काबीज केली, आणि त्याबरोबर तिची अप्रतिष्ठाही सुरू झाली. स्वस्त, रुक्ष, तुरुंगाची आठवण देणारी, अशी तिची ख्याती. १९७८ मध्ये वास्तुविशारद फ्रँक गेरी याने सांता मोनिका येथील आपल्या जुन्या घराला मुद्दाम हीच जाळी, नालीदार पत्रा आणि प्लायवूड वेढून घेतले. शेजारी खवळले, वास्तुकलेच्या अभ्यासक्रमात मात्र ते घर कायमचे जाऊन बसले. जर्मनीत १९९९ मध्ये एका लहान गावातला जाळीच्या कुंपणावरून झालेला शेजाऱ्यांचा तंटा दूरचित्रवाणीवर गाजला आणि श्टेफान राबने त्यावर केलेले विनोदी गाणे तिथे पहिल्या क्रमांकावर पोहोचले. बांधावरच्या भांडणात मुरलेल्या आपल्या मराठी मुलखाला त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही. आपण त्याचे गाणे करत नाही, तारीख घेतो.

म्हणून आज आपल्या प्लॉटला, बागेला किंवा गोदामाला ही जाळी लावायची तर आधी मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी करून हद्दीच्या खुणा पक्क्या झाल्याशिवाय एकही खांब रोवू नये. मग जाळी. व्यापारी उंची आणि दर चौरस फुटाचा भाव सांगतो. आपण तारेची जाडी आणि जस्त विचारावे. दहा गेजची तार सव्वातीन मिलिमीटरची, बारा गेजची त्याहून बारीक, सुमारे २.६४ मिलिमीटरची. दिसायला फरक नखाएवढा, पण दहाऐवजी बारा गेज आली तर वजन एक तृतीयांशाने घटते. चौरस फुटाच्या भावात हा फरक कुठेच दिसत नाही, म्हणून वजनावर घ्यावी किंवा व्हर्नियर सोबत ठेवावा. जस्ताचा थर दर चौरस मीटरला किती ग्रॅम, हे चलनावर लिहून मागावे. हलक्या तारेवर तो साठ-सत्तर ग्रॅम किंवा त्याहून कमी असतो, भारी तारेवर दोनशेच्या वर, आणि कुंपणाचे आयुष्य जवळजवळ त्याच प्रमाणात वाढते. या जाळीसाठी आयएस २७२१ हे भारतीय मानक आहे. त्याचा नुसता उच्चार केला तरी दुकानदाराचा सूर बदलतो. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात जस्त लवकर झिजते, त्यामुळे रत्नागिरी, मालवणकडे हिरव्या पीव्हीसी वेष्टणाची जाळी रास्त. मात्र तारेचे कापलेले टोक निरखून पाहावे. वेष्टणाखाली जस्ताऐवजी नुसती काळी तार असेल, तर गंज आतल्या आत पसरतो आणि दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

घराच्या आवाराला दोन इंची घरांची जाळी, शेताला तीन इंची पुरते. गोदामाला सहा ते आठ फूट उंची आणि वर वाय आकाराच्या फाट्यांवर काटेरी तारेचे तीन पदर. रानडुकरांचा उपद्रव असेल तिथे उंचीपेक्षा तळ महत्त्वाचा: डुक्कर सहसा उडी मारत नाही, मुसंडी मारून खालून उकरते. जाळी वीतभर जमिनीत गाडावी किंवा खाली काँक्रीटची पट्टी ओतावी. पण कुंपणे बिघडतात ती बहुधा खांबांपायी. आठ-दहा फुटांवर एक खांब, दीड-दोन फूट खोल. काळ्या मातीत त्याहून खोल, कारण ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांबांना हळूहळू वर उचलते. कोपऱ्यांवर आणि प्रत्येक वळणावर दोन्ही बाजूंनी तिरकस टेकू हवा. सारा ताण तिथेच येतो. काँक्रीटला आठवडाभर पाणी मारून मगच आडव्या तारा ओढाव्यात, आणि त्यांवर जाळी. घाईचा मिस्तरी दुसऱ्याच दिवशी ताण देतो आणि वर्षभरात कोपऱ्याचा खांब आत झुकून जाळीला झोळ पडतो. ताण नीट बसला की तळहाताने दाबल्यावर जाळी थोडी आत जाते आणि सोडताच जागेवर येते.

एक भेंडोळे संपून दुसरे जोडायचे असले, तर बाइंडिंग तारेने टाचण्याचे कारण नाही. एका भेंडोळ्याची कडेची नागमोडी तार पकडीने टोके उघडून, फिरवत फिरवत बाहेर काढायची. दोन्ही कडा शेजारी आणून तीच तार मळसूत्रासारखी दोहोंत फिरवत आत घालायची आणि टोके पुन्हा वाकवायची. गव्याने किंवा ट्रॅक्टरने एखादी तार तोडली, तर तीही अशीच काढून नवी घालता येते. एकाने जाळी ताणून धरावी, दुसऱ्याने तार फिरवावी. वाकवलेल्या टोकांशी जस्त खरवडले गेले असेल तर तिथे जस्ताच्या रंगाचा एक हात द्यावा.