नळीतला पीळ

१ ऑगस्ट २०२४ ची दुपार. मी बेलपाड्यातल्या घरी 'वर्क फ्रॉम होम' करत होतो, म्हणजे लॅपटॉपवर मीटिंग म्यूट आणि टीव्हीवर पॅरिस ऑलिंपिक :-) कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ५० मीटर थ्री पोझिशनच्या फायनलमध्ये होता. ४५१.४ गुण, ब्राँझ. १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांना पदक मिळालं, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं गेली. घरात आरडाओरडा. तेवढ्यात आई म्हणाली, "सगळ्यांच्या बंदुका सारख्याच ना रे? मग चुकतो तो माणूसच."

आता इंजिनिअर माणसाला यावर गप्प बसवत नाही. मी म्हटलं, बंदुका सारख्या नसतात. आणि कुणाला कुठली द्यायची, यावरून आपल्याकडे बरंच राजकारण झालंय. आईला अर्धंच सांगून झालं, तेवढ्यात मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं गेलं. उरलेलं आज लिहितोय.

लहानपणी भोवरा फिरवला असेल तर निम्मं शास्त्र तुम्हाला येतं. भोवरा नुसता आरीवर उभा करा, पडतो. जाळी गुंडाळून फेकला की तोच ताठ उभा राहतो. लांबट गोळीचंही तसंच. हवेचा दाब तिच्या नाकाकडच्या भागावर जास्त येतो, वजनाचा मध्य मात्र मागे असतो, त्यामुळे हवा तिला उलटवायला बघते. गिरकी असेल तर ती नाक पुढे ठेवून जाते. ही गिरकी देण्यासाठी नळीच्या आतून स्क्रूच्या आट्यांसारख्या खाचा फिरवलेल्या असतात. त्यांनाच रायफलिंग म्हणतात आणि रायफल हे नावही त्यावरूनच आलं. किती इंचांत एक पूर्ण वेढा, ते पिळाचं माप. १६ इंचांत एक वेढा म्हणजे १:१६. आकडा जितका लहान, तितका पीळ घट्ट.

शाळेत १८५७ शिकताना काडतुसं आणि चरबी पाठ केली होती. पण ती चरबी मुळात हवीच कशाला होती, हे कुणी विचारल्याचं आठवत नाही. उत्तर या पिळात आहे. शिपायांकडची जुनी ब्राउन बेस बंदूक आतून गुळगुळीत. गोळी नळीपेक्षा बरीच लहान, वरून टाकली की गडगडत खाली जायची आणि उडताना भिंतींवर आपटत बाहेर पडायची. शंभर यार्डांपुढे नेम म्हणजे देवाची करणी. नव्या १८५३ च्या एनफिल्डमध्ये तीन खाचा होत्या, पीळ ७८ इंचांत एक वेढा, आणि नळी ३९ इंचांची. म्हणजे गोळी बाहेर पडेपर्यंत नेमका अर्धा वेढा! तरी सेकंदाला सव्वाशे-दीडशे गिरक्या व्हायच्या आणि दर्शकावर ९०० यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या.

पण खाचांनी गोळीला पकडायचं तर ती नळीत जवळपास घट्ट बसायला हवी. आणि ही भरायची तोंडाकडून. दहा-वीस बार झाले की काळ्या दारूची काजळी आत चिकटणार आणि पुढची गोळी मध्येच अडकणार. म्हणून कागदी काडतुसाला वंगण. ते वंगण कशाचं आणि काडतूस दातांनी का तोडायचं, ही पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. उठावाची कारणं पुष्कळ होती, सगळं खापर खाचांवर फोडण्यात अर्थ नाही. पण पीळ नसता तर घट्ट गोळी नसती आणि तसल्या वंगणाची एवढी गरजही नसती.

खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे, आणि मला ती फार उशिरा कळली. उठाव मोडल्यावर, १८५८-५९ मध्ये, इंग्रजांनी देशी पलटणींसाठी मुद्दाम नव्या बंदुका काढल्या. बाहेरून हुबेहूब एनफिल्ड. आतून ०.६५६ इंचांची सपाट नळी. खाचा नाहीत, पीळ नाही, लांबचा नेम धरायचा सरकता दर्शकही नाही. परेडमध्ये दोन्ही पलटणी शेजारी उभ्या केल्या तर लांबून फरक कळू नये. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर तेच प्रॉडक्ट, फक्त मुख्य फीचर बंद करून दिलेलं. फरक एवढाच की इथे ते फीचर पुन्हा चालू करता येत नव्हतं. तोफखानाही डोंगरी तोफांच्या मोजक्या तुकड्या सोडून गोऱ्यांनी आपल्याच हातात ठेवला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे साहेबाने सुंभ ठेवून पीळ तेवढा काढून घेतला.

पुढे देशी पलटणींना खाचांच्या रायफली मिळाल्या, पण एक पिढी मागच्या. गोऱ्या सैन्याने १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री स्वीकारली, पीळ २२ इंचांत एक. देशी पलटणींकडे स्नायडर. आणि स्नायडर म्हणजे काय, तर जुन्या एनफिल्डची नळी मागून कापून बसवलेली झडप, म्हणजे गोळी मागून भरायची सोय झाली. पीळ तोच, ७८.

२७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानात मैवंदची लढाई झाली. इंग्रज हरले. तिथे गोऱ्यांच्या ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होत्या, तर शेजारच्या बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्सकडे स्नायडर. एकच मैदान, एकच शत्रू, पीळ मात्र दोन. हार केवळ बंदुकांमुळे झाली असं नाही. पण यात एक चुटका आहे. ज्या जॉन जेकबच्या नावाची ती पलटण, तो बॉम्बे आर्मीचाच तोफखान्याचा अधिकारी. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तिथे जेकबाबादला स्वतःच्या खर्चाने त्याने वर्षानुवर्षं नळ्यांवर प्रयोग केले आणि ठरवलं की चार खोल खाचा हव्यात, २४ इंचांच्या नळीत वेढ्याचा चार पंचमांश भाग, म्हणजे ३० इंचांत एक. १८५८ मध्ये तो वारला. बावीस वर्षांनंतर त्याच्या नावाची माणसं ७८ चा पीळ घेऊन मैवंदला उभी होती. असो.

आता आमच्या तालुक्यात येऊ. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की पळस्पे आणि पुढे कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण. वासुदेव बळवंत फडके या शिरढोणचे, जन्म १८४५. पुण्यात लष्करी हिशेबाच्या खात्यात कारकून होते. १८७८ मध्ये लिटनच्या सरकारने शस्त्र कायदा आणला. देशी माणसाला बंदूक बाळगायची तर परवाना हवा, गोऱ्यांना सूट. म्हणजे शिपायाच्या नळीतला पीळ आधीच काढून झाला होता, आता रयतेकडून नळीच काढून घ्यायची. फडक्यांचं बंड पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८७९ मध्ये सुरू झालं. मे महिन्यात त्यांचे साथीदार दौलतराव नाईक कोकणात उतरले आणि आमच्या या पळस्प्यावर छापा पडला. परत घाटावर जाताना मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठलं आणि दौलतराव गोळी लागून पडले. फडके जुलैमध्ये सापडले. एडनला काळ्या पाण्यावर १८८३ मध्ये गेले. पळस्प्याच्या नाक्यावर मी कितीतरी वेळा ट्रॅफिकला शिव्या घालत उभा राहिलोय, तिथे असं काही घडलंय याची तेव्हा कल्पनाही नव्हती.

त्याच १८७९ मध्ये इंग्लंडात वूलिचला तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणारे जॉर्ज ग्रीनहिल बसून पिळाचं सूत्र मांडत होते. तोवर सगळा कारभार 'घाला खाचा आणि बघा' असाच होता. ग्रीनहिलचं सूत्र लग्नपत्रिकेच्या पाठीवर मावेल: गोळीच्या व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले गोळीची लांबी. आलेले इंच म्हणजे एक वेढा. यात वजन कुठेच नाही. गोळी लांब झाली की पीळ घट्ट करावा लागतो, एवढंच.

हे न मानल्याचा फटका अमेरिकेलाही बसला. एम-१६ ची पहिली नळी १:१४ होती. कडाक्याच्या थंडीत हवा जड होते, तिथे गोळी डळमळायला लागली, म्हणून १९६३ मध्ये १:१२ करावं लागलं. १९८० च्या दशकात आणखी लांब गोळ्या आल्या तेव्हा थेट १:७. मग सगळीकडेच घट्ट पीळ का नको? कारण कुठलीच गोळी शंभर टक्के समतोल नसते. वॉशिंग मशीनमध्ये कपडे एका बाजूला गोळा झाले की स्पिनला मशीन जागेवरून चालायला लागतं ना, तसंच. वेग जितका जास्त, तितका तो दोष मोठा.

कुसाळेची रायफल पॉइंट टू-टूची. गोळीचा व्यास ०.२२३ इंच, लांबी ०.४५ च्या आसपास. सूत्रात घाला, उत्तर येतं १६.६. या रायफलींचा प्रचलित पीळ १६. गोळी ध्वनीच्या वेगाच्या थोडी आतच राहते, तरी मिनिटाला सुमारे ४८,००० गिरक्या घेत ५० मीटरवरच्या १०.४ मिलिमीटरच्या वर्तुळाकडे जाते. पण सूत्र जुळलं म्हणून काम होत नाही. एकाच कंपनीची, एकाच नावाची काडतुसं, पण लॉट बदलला की त्याच नळीतून गोळ्यांचा पुंजका फाकतो. म्हणून मोठे नेमबाज आपली नळी शिकंज्यात घट्ट धरून एकेक लॉट झाडून बघतात आणि जो जुळेल त्याचा साठा घेऊन ठेवतात.

हे सगळं त्या रात्री जेवताना आईला सांगितलं. तिने आमटी वाढता वाढता विचारलं, "म्हणजे नळीची आणि गोळीची पत्रिका बघतात?"

हो, म्हटलं. तेच.