न्हाणीघराच्या भिंतींचा रंग : सोमल, चुना आणि शिसे

१/ न्हाणीघराच्या भिंतींना कोणता रंग द्यावा, हा प्रश्न आज शेडकार्ड समोर ठेवून सोडवला जातो. आकाशी की मोतिया, एवढाच तो उरलेला असतो. गेल्या अडीचशे वर्षांत मात्र भिंतींच्या रंगांनी माणसे आजारी पडली, काही देशांना त्यांसाठी कायदे करावे लागले आणि मुंबई-पुण्यात तर सरकारचा चुन्याचा कुंचला लोकांच्या मोरीपर्यंत पोहोचला. त्या रंगांचा हा इतिहास.

२/ आरंभ हिरव्यापासून. १७७५ मध्ये स्वीडनमधील रसायनज्ञ कार्ल विल्हेल्म शेले याने तांबे आणि सोमल यांच्या संयोगातून एक तेजस्वी हिरवा रंग सिद्ध केला. १८१४ मध्ये जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे त्याहून टिकाऊ असा दुसरा हिरवा तयार होऊ लागला. त्यातही सोमल होताच. रंग स्वस्त आणि मोहक होता. एकोणिसाव्या शतकात युरोपातील असंख्य खोल्यांच्या भिंती, पडदे आणि भिंतीवर चिकटवायचे कागद या हिरव्याने नटले.

३/ मग तक्रारी येऊ लागल्या. डोकेदुखी, घशाची जळजळ, मुलांचे आजारपण; आणि विशेष म्हणजे ओलसर खोल्यांत त्या अधिक. याचे कोडे १८९० च्या दशकात इटालियन वैद्य बार्तोलोमेओ गोझिओ याने उलगडले. ओल्या भिंतीवर वाढणारी काही विशिष्ट बुरशी रंगातील सोमलाचे वायूत रूपांतर करते, हे त्याने प्रयोगाने दाखवले. पुढे १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक चॅलेंजर याने त्या वायूची नेमकी रासायनिक ओळख पटवली.

४/ त्या वायूने प्रत्यक्षात किती बळी घेतले, की रंगाची झडणारी धूळच अधिक घातक होती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ब्रिटनमध्ये या कागदांवर बंदी घालणारा कायदा कधीच झाला नाही. गिऱ्हाइकांनीच पाठ फिरवली आणि कारखानदार ‘सोमलविरहित’ कागदाच्या जाहिराती करू लागले. रंग आणि ओल यांचा एकत्र विचार करावा लागतो, हे मात्र तेव्हापासून प्रयोगाच्या आधाराने सांगता येऊ लागले.

५/ त्याच सुमारास पांढऱ्याचा काळ आला. पाश्चर आणि कॉख यांच्या संशोधनामुळे रोग सूक्ष्म जंतूंपासून होतात, हे मान्य होत गेले. पाश्चात्त्य मध्यमवर्गाच्या घरातील लाकडी तावदानांचे, गालिचे अंथरलेले स्नानगृह संशयास्पद ठरले. त्याची जागा पांढऱ्या फरश्यांनी आणि पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यांनी घेतली. पांढऱ्यावर मळ लपत नाही, हा त्यामागचा विचार होता. पांढरा रंग जंतू मारत नाही. तो फक्त घाण दाखवतो.

६/ महाराष्ट्रात या रंगचर्चेची जागा वेगळी होती. येथे न्हाणी किंवा मोरी म्हणजे दगडी फरशीचा, पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला कोपरा. शेजारी तांब्याचा बंब, घंगाळ आणि पाण्याची पिंपे. भिंतीला चुना. ही निवड परंपरेची दिसत असली, तरी तिच्यामागे पक्के रसायन होते.

७/ भट्टीत भाजलेली चुनखडी पाण्यात विझवली की तीव्र अल्कधर्मी निवळी तयार होते. अशा पृष्ठभागावर बुरशीला सहजी मूळ धरता येत नाही. भिंतीवर बसलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी बनतो. त्यातून वाफ आरपार जाते, त्यामुळे भिंतीतील ओल कोंडून राहत नाही. उणीव एवढीच की चुना हाताला लागतो, कालांतराने झिजतो आणि वरचेवर लावावा लागतो.

८/ चुन्यात वाटेल तो रंग मिसळता येत नाही, कारण त्याची तीव्रता पुष्कळ रंग खाऊन टाकते. प्रशियन निळा चुन्यात टिकत नाही. टिकतात ते गेरू, पिवळी माती आणि नीळ. कपड्यांची ही नीळ म्हणजे बहुधा कृत्रिम अल्ट्रामरीन. फ्रान्समध्ये १८२० च्या दशकात ते बनवण्याची रीत सापडली. चिमूटभर नीळ चुन्याची पिवळसर झाक झाकते आणि भिंत अधिक शुभ्र भासते. थोडी जास्त पडली की घराघरांत दिसणारा तो फिकट आकाशी रंग तयार होतो.

९/ हाच चुना १८९६ मध्ये सत्तेचे हत्यार झाला. त्या वर्षी सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. गटारे धुणे, जंतुनाशके फवारणे, कौले काढून ऊन आत घेणे आणि भिंतींना चुना फासणे सुरू झाले. १८९७ मध्ये पुण्यात सैनिकांच्या तुकड्या घराघरांत शिरल्या. देवघर, माजघर, न्हाणी असा कोणताच आडोसा उरला नाही. त्या संतापातून २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली.

१०/ पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने कराचीतील प्रयोगातून दाखवले की प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो. ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली. म्हणजे ज्या चुन्यासाठी लोकांच्या घरांची विटंबना झाली, त्याचा प्लेगच्या मूळ वाहकाशी फारसा संबंध नव्हता. बुरशीवर गुणकारी असलेला उपाय पिसवांवर लावला गेला होता.

११/ चुन्याला पर्याय होता तेलरंगाचा. तो धुता येई, चमके, पाण्याला दाद देत नसे. म्हणून ओल्या जागांसाठी आदर्श वाटे. परंतु त्याचा पांढरेपणा शिशापासून येई. १९०४ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी मुलांच्या शिसेबाधेचे मूळ घराच्या रंगवलेल्या भिंती आणि व्हरांड्याचे कठडे यांत असल्याचे सांगितले. फ्रान्सने १९०९ मध्ये शिसेयुक्त पांढऱ्याविरुद्ध कायदा केला. १९२१ मध्ये त्याबाबत आंतरराष्ट्रीय करारही झाला. १९१६ च्या सुमारास नॉर्वे आणि अमेरिकेत टायटॅनियम डायऑक्साइडचे व्यापारी उत्पादन सुरू झाले आणि शिशाला निर्धोक पर्याय मिळाला.

१२/ स्वच्छतेची धास्ती ओसरल्यावर रंग परतले. अमेरिकेत १९२७ मध्ये कोहलर कंपनीने रंगीत बेसिन आणि टब बाजारात आणले. १९५० च्या दशकात राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या पत्नी मेमी यांच्या आवडीमुळे गुलाबी न्हाणीघरांची लाट आली. १९७० च्या दशकात अव्होकाडोचा हिरवा आला. या खेपेस त्या हिरव्यात सोमल नव्हता.

१३/ भारतात १९४२ मध्ये मुंबईत चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी काढलेला खोडकर गट्टू तिचे बोधचिन्ह झाला. हळूहळू चुन्याची जागा डिस्टेंपरने आणि नंतर प्लास्टिक रंगाने घेतली. शिशाचा प्रश्न मात्र रेंगाळला. घरगुती रंगांतील शिसे दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम भारतात २०१६ मध्ये झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला.

१४/ म्हणून जुन्या वाड्यात किंवा चाळीत न्हाणीघर रंगवायला काढले, तर भिंतीवरचे थर हा इतिहासच असतो : तळाशी चुना, त्यावर नीळ, त्यावर तेलरंग. तेलरंगाचा थर कोरडाच घासला तर शिशाची धूळ उडू शकते आणि ती आधी रांगत्या मुलाच्या हाताला लागते. तो थर ओला करून, मुलांना दूर ठेवून काढावा.

१५/ आणि चुन्याच्या ओल्या भिंतीवर थेट प्लास्टिक रंग चढवला, तर आत अडकलेली ओल एका पावसाळ्यात त्याचे पापुद्रे काढते. आधी गळती शोधावी, भिंत सुकू द्यावी, हवा खेळेल अशी खिडकी ठेवावी. मग आकाशी घ्यावा की मोतिया, हा खरोखरच आवडीचा प्रश्न उरतो.