पॉडकास्टचे घरगुती ध्वनिमुद्रण व संपादन

स्टुडिओऐवजी राहत्या घरात माइक आणि संगणक किंवा मोबाइल वापरून बोलका कार्यक्रम मुद्रित करणे व सॉफ्टवेअरच्या साहाय्याने तो प्रसारणयोग्य करणे. ऑडॅसिटीसारखे मोफत सॉफ्टवेअर २००० साली उपलब्ध झाल्यापासून संपादन कोणाच्याही आवाक्यात आले. त्यामुळे भारी माइक घ्यावा आणि उरलेले संपादनात निस्तरावे, असा समज रूढ झाला. प्रत्यक्षात आवाजाचा दर्जा मुख्यतः खोली आणि तोंडापासून माइकचे अंतर यांवर ठरतो.

उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. भिंतींवरून परतणारा घुमारा मात्र खोलीभर जवळपास सारखाच राहतो. म्हणून ६० सेंटिमीटरवरचा माइक १५ सेंटिमीटरवर आणल्यास घुमाऱ्याच्या तुलनेत बोलणे सुमारे १२ डेसिबलने वर येते, आणि तेही पदरचा पैसा न खर्चता. खोलीचे महत्त्व भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून हार्वर्ड विद्यापीठात केलेल्या प्रयोगांतून सिद्ध झाले. तेथील फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात घुमाऱ्यामुळे वक्त्याचे शब्द कळत नसत. सॅबिन यांनी आसनांवरच्या गाद्या आणून अंथरल्या आणि घुमारा किती घटतो ते मोजले. तो खोलीचे आकारमान व तिच्यातील ध्वनिशोषक वस्तू यांवर अवलंबून असतो, हा त्यांचा निष्कर्ष. फरशी आणि उघड्या भिंतींच्या दिवाणखान्यापेक्षा गाद्या, पडदे व कपड्यांनी भरलेली झोपण्याची खोली मुद्रणाला सरस ठरते, त्याचे कारण हेच. भिंतीला चिकटवलेला पातळ फोम केवळ वरच्या पट्टीतील ध्वनी शोषतो. जाड गोधडी त्याहून खालपर्यंत काम करते.

स्टुडिओत संवेदनशील कंडेन्सर माइक वापरतात, मग घरी का नको, असा आक्षेप घेतला जातो. पण स्टुडिओची खोली आधीच शांत केलेली असते. घरात तोच माइक पंखा आणि रस्ताही तितक्याच निष्ठेने टिपतो. जवळून बोलण्याचा डायनॅमिक माइक येथे अधिक सोयीचा. दुसरा आक्षेप असा की, सॉफ्टवेअर सारे दोष काढून टाकते. पंख्याची एकसारखी घरघर नमुना घेऊन बरीच वजा करता येते, हे खरे. घुमारा मात्र बोलण्यातूनच जन्मतो व अक्षरागणिक बदलतो. नवी स्वयंचलित साधने तो काढताना मूळ ध्वनी अंदाजाने पुन्हा रचतात. या प्रक्रियेची मात्रा वाढली की व्यंजने बोथट होतात. ‘फ’, ‘भ’ यांचा श्वासाचा झोतही ८० हर्ट्झखालचा भाग कापून पुरता जात नाही. माइक तोंडासमोर न ठेवता किंचित तिरपा धरणे हा सोपा उपाय. पातळी मर्यादेबाहेर गेल्याने छाटले गेलेले तरंगही मूळ रूपात परत येत नाहीत. म्हणून मुद्रणात शिखरे उणे १२ डेसिबलच्या आसपास राखतात.

म्हणजे संपादन गौण नव्हे. त्याचे क्षेत्र वेगळे आहे. चुकलेली वाक्ये व लांबलेले विराम काढणे, श्वास कमी करूनही समूळ न पुसणे, कापलेल्या जागी त्याच खोलीची आधी मुद्रित केलेली शांतता भरणे आणि अखेरीस एकूण श्राव्यता जुळवणे, ही त्याची कामे. ॲपल पॉडकास्ट्स त्यासाठी सुमारे उणे १६ एलयूएफएस (श्राव्यतेचे एकक) ही पातळी सुचवते. खोलीची उणीव मात्र संपादनाने भरून निघत नाही, म्हणून नवोदिताने पहिला खर्च माइकऐवजी जाड पडद्यांवर करावा.