पीक हुरड्यात येते तेव्हा: दख्खनच्या शिवारातील हिवाळी पंगतींचा इतिहास

महाराष्ट्राच्या खाद्यसंस्कृतीविषयी लिहिताना सणावारांची नैवेद्याची ताटे, लग्नकार्यातल्या पंगती आणि घरोघरच्या चुलीवरचे पदार्थ यांचीच नोंद प्रामुख्याने होत आली आहे. पीक शेतात उभे असतानाच, खळ्यावर जाण्यापूर्वी, मित्रमंडळींना बोलावून शिवारातच खाण्याची जी जुनी रीत आहे, तिच्याकडे त्यामानाने दुर्लक्ष झाले. ज्वारीचा हुरडा, गव्हाच्या ओंब्या, हरभऱ्याचा हुळा, लातूर-धाराशिवकडची येळवस आणि रायगडची पोपटी ही या रीतीची आज दिसणारी रूपे आहेत. या सर्वांचा काळ साधारणपणे मार्गशीर्ष ते माघ असा आहे आणि या सर्वांत अन्न यजमानाच्या घरी नव्हे, तर पिकाच्या काठावर शिजते.

या रीतीची मुळे किती मागे जातात हे पाहताना वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’तील एक यादी उपयोगी पडते. नागरकाच्या, म्हणजे सुस्थितीतल्या नगरवासी पुरुषाच्या, दिनक्रमाचे वर्णन करताना वात्स्यायन ‘समस्या क्रीडा’ म्हणजे समवयस्कांनी मिळून करावयाच्या क्रीडा सांगतो आणि त्यांचे दोन गट पाडतो. कौमुदीजागरासारख्या, म्हणजे आजच्या कोजागिरीसारख्या, सर्वत्र पाळल्या जाणाऱ्या क्रीडा एका गटात येतात, तर विशिष्ट प्रदेशांत रूढ असलेल्या क्रीडा दुसऱ्यात. या दुसऱ्या गटात आंबे तोडून खाण्याची ‘सहकारभंजिका’ आणि कमळाचे देठ खाण्याची ‘बिसखादिका’ यांच्या सोबतच ‘अभ्यूषखादिका’ आहे. तेराव्या शतकातला टीकाकार यशोधर तिचा अर्थ फांदीवर असतानाच विस्तवात भाजलेली फळे खाणे असा देतो. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात गवताच्या जाळावर अर्धवट भाजलेल्या शेंगधान्याला ‘होलक’ म्हटले असून त्याचे गुणदोषही दिले आहेत. हरभऱ्याचे डहाळे पेटत्या काडीकचऱ्यावर धरून हुळा करणारा आजचा शेतकरी नेमके हेच करत असतो.

दख्खनच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा पुरावा कल्याणीच्या चालुक्य दरबारातला आहे. सोमेश्वर तिसरा या राजाने शके १०५१ च्या, म्हणजे इ.स. ११२९ च्या, सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाने करावयाच्या वीस क्रीडांचे वर्णन आहे. त्यांत वनक्रीडा, वाळवंटातली वालुकाक्रीडा आणि चांदण्यातली ज्योत्स्नाक्रीडा यांच्याबरोबर ‘सस्यक्रीडा’, म्हणजे उभ्या पिकाच्या शिवारातला विहार, हीही स्वतंत्र क्रीडा म्हणून सांगितली आहे. ज्या कल्याणीत हा ग्रंथ झाला ते आजचे बसवकल्याण बीदर जिल्ह्यात आहे आणि येळवस पाळणारा मराठवाड्याचा टापू तेथून हाकेच्या अंतरावर सुरू होतो. राजाची क्रीडा आणि कुणब्याची रीत यांत कोणी कोणाचे अनुकरण केले हे ठरवण्याची फारशी गरज नाही. पिकात जाऊन बसण्याची हौस त्या काळी राजदरबारातही प्रतिष्ठित होती, एवढे या नोंदीवरून स्पष्ट होते.

ही रीत नवान्नाहून वेगळी आहे, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. गृह्यसूत्रांत सांगितलेली आग्रयण इष्टी, म्हणजे नवे धान्य देवांना अर्पण करूनच खावे हा विधी, आणि कोकणात आश्विन पौर्णिमेला भाताची नवी लोंबी दाराला बांधण्याची प्रथा यांत धान्य पक्व झालेले असते, आणि माणसाआधी देवाचा मान असतो. हुरड्यात धान्य कोवळे असते आणि पहिली मूठ बहुधा पाहुण्याच्याच हाती पडते. येळवशीत देवाला स्थान आहे, पण हुरडा आणि पोपटी यांना विधीचे बंधन जवळजवळ नाही. व्रतवैकल्यांच्या पोथ्यांत त्यांचा उल्लेख सापडत नाही तो बहुधा यामुळेच.

हुरडा या प्रकाराची घडण समजण्यासाठी रब्बी ज्वारीच्या वाढीकडे पाहावे लागते. भाद्रपद-आश्विनात पेरलेली ज्वारी निसवली, म्हणजे तिचे कणीस पोटरीतून बाहेर पडले, की फुलोऱ्यानंतर दाण्यात प्रथम दुधासारखा रस भरतो आणि मग तो घट्ट होऊ लागतो. दूध आटले आहे पण दाणा टणक झालेला नाही, साखरेचे पिठूळ द्रव्यात रूपांतर पुरते झालेले नाही, अशी ही मधली अवस्था असते. ‘पीक हुरड्यात आले’ हा शब्दप्रयोग शेतकऱ्यांप्रमाणेच कृषी खात्याच्या पत्रकांतही पिकाची अवस्था सांगण्यासाठी वापरला जातो. एका कणसाच्या बाबतीत ही अवस्था थोडेच दिवस टिकते, आणि भाजलेला हुरडा गार झाला की त्याचा मऊपणा व गोडी दोन्ही उतरतात. त्यामुळे तो साठवता येत नाही आणि एकट्याने संपवण्याइतका थोडाही नसतो. हुरड्याचे आमंत्रण हा यजमानाच्या औदार्याचा भाग खराच, परंतु त्या औदार्याला पिकाच्या स्वभावाचाही रेटा होता.

दुसरे कारण राखणीचे होते. दाणा भरू लागला की पाखरांचे थवे उतरतात आणि रात्री रानडुकरांचा उपद्रव होतो. म्हणून याच पंधरा-वीस दिवसांत शेतात माळा उभारून दिवसा गोफण फिरवणारा आणि रात्री शेकोटीपाशी जागणारा माणूस असावाच लागे. ऐन थंडीत शेतात मुक्काम, सोबतीची गरज, पेटती आगटी आणि हाताशी गोड दाणा या चार गोष्टी एकत्र आल्यावर गप्पांची बैठक जमणे क्रमप्राप्तच होते. हुरड्याच्या मैफलीचा उगम उत्सवात नसून राखणीच्या या कामात असावा, असे मानण्यास पुष्कळ जागा आहे. आजही हुरड्याची वेळ सकाळी ऊन चढण्याच्या आधीची किंवा सायंकाळची असते, आणि जागा शेताच्या बांधाची.

त्याची कृती सांगण्यास सोपी आणि करण्यास कठीण आहे. जमिनीत वीतभर खोल खड्डा, म्हणजे आगटी, करून तीत गोवऱ्या पेटवतात. ज्वाळा विझून नुसता फुफाटा उरला की कणसे त्यात खुपसून फिरवत राहतात. दाण्याचा रंग पालटताच कणीस बाहेर काढून, राख झटकून, ते गरम असतानाच तळहातांत चोळतात आणि फुंकर मारून कोंडा उडवून देतात. सोबत गूळ, शेंगदाण्याची, जवसाची किंवा कारळाची लसूण घातलेली चटणी, घट्ट दही, गोडीशेव आणि रेवड्या असतात, मागाहून बोरे, ऊस आणि ताक. यातले चोळण्याचे काम सरावाच्या आणि घट्टे पडलेल्या हातांनाच जमते, आणि येथे या रीतीची एक दुर्लक्षित बाजू दिसते. बड्या शेतकऱ्याच्या शेतावर पाहुणे खात असत आणि सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेला गडी, चोळत असे. हुरड्याच्या आठवणींनी भरलेल्या शहरी लेखनात या गड्याचे दर्शन क्वचितच घडते.

जातिव्यवस्थेच्या संदर्भातही शिवारातल्या या खाण्याला विशेष स्थान होते. पाण्यात शिजवलेल्या अन्नाला सोवळ्या-ओवळ्याचे जेवढे कडक नियम लागू होत, तेवढे ते कोरड्या भाजलेल्या धान्याला सर्वसाधारणपणे लागू होत नसत. लाह्या, फुटाणे यांच्याप्रमाणे हुरडाही ‘जेवण’ या सदरात मोडत नव्हता. कुणब्याच्या बांधावर गावच्या कुलकर्ण्याला बसता येई ते यामुळे. तथापि या सवलतीला समतेचा प्रयोग समजणे चुकीचे ठरेल, कारण अस्पृश्य मानलेल्यांचा वाटा या बैठकीतही वेगळा आणि दुरूनच दिला जात असे.

एकाच धान्याचा इतिहास शेजारच्या प्रदेशात कसा वेगळा वळतो, याचे उदाहरण सुरतेत मिळते. तेथे कोवळ्या ज्वारीला पोंक म्हणतात आणि ‘सुरती’ या नावाने ओळखला जाणारा वाण हुरड्यासाठी महाराष्ट्रातही आवडीने पेरला जातो. सुरतेत मात्र भाजलेली कणसे कापडात किंवा पोत्यात घालून काठीने झोडपतात आणि सुटा झालेला दाणा शेव व लिंबू-मिऱ्याच्या चवीसह शहरात विकतात. हाताने चोळण्याची अट सुटल्यामुळे पोंकाला बाजाराची वाट मोकळी झाली. दख्खनच्या पठारावर ती अट राहिली, आणि पदार्थ मिळवण्यासाठी शेतकऱ्याची ओळख असणे आवश्यक राहिले.

येळवस किंवा वेळ अमावस्या ही मार्गशीर्ष अमावस्येला येते. तिचा टापू लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या काही भागापुरता मर्यादित असून सीमेपलीकडे बीदर, कलबुर्गी या कानडी जिल्ह्यांत तीच ‘एळ्ळ अमावास्ये’ म्हणून पाळली जाते. या सलगतेचा उलगडा राजकीय भूगोलातून होतो. सोलापूरचा भाग सोडला तर हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बीदर जिल्ह्याचेच भाग होते. भाषेची सीमा नंतर आखली गेली, पण अमावस्येने ती मानली नाही. या दिवशी शेतात कडब्याची खोप उभारून तीत पाच पांडवांचे दगड चुन्याने रंगवून मांडतात आणि त्यांच्यासमोर नैवेद्य ठेवतात. ज्वारीचे पीठ ताकात आंबवून केलेले आंबील डोक्यावरच्या मडक्यातून शेतात नेतात आणि पिकात शिंपडतात. जेवणात बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या आणि मुख्य म्हणजे भज्जी असते. ही भज्जी म्हणजे तळलेला पदार्थ नव्हे. तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे जे जे कोवळे दाणे त्या आठवड्यात शेतात मिळतील ते सर्व आणि भाज्या एकत्र शिजवून, बेसन व आंबिलाने घट्ट केलेले ते कालवण असते. त्या वर्षी पाऊस कसा झाला आणि कोणते पीक साधले, यावर तिची चव ठरते. ज्यांच्याकडे शेत नाही अशा मित्रांना, शेजाऱ्यांना, शिक्षकांना आणि बदलून आलेल्या नोकरदारांना आग्रहाने नेण्याची पद्धत असल्यामुळे शहरांच्या बाजारपेठा त्या दिवशी ओस पडतात. जिल्हाधिकारीही बहुधा स्थानिक सुट्टी जाहीर करतात.

किनारपट्टीवरची पोपटी या मानाने आटोपशीर आहे. पूर्वीच्या कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल घेतात. त्याच्या शेंगा भरल्या की मडक्याला आतून भांबुर्डीच्या पाल्याचा थर देऊन शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी, ओवा आणि मीठ भरतात. वरून पुन्हा पाला कोंबून मडके उपडे ठेवतात आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करतात. पाण्याचा थेंबही न घालता सर्व काही पाल्याच्या वाफेवर शिजते. तापलेल्या मडक्यावर पाणी शिंपडून ते चर्रकन आवाज करते का, यावरून पोपटी झाली की नाही ते ओळखतात. वलसाडकडचे उंबाडियू हे याच पद्धतीचे सख्खे भावंड आहे.

मराठीत छापील पाकपुस्तकांची परंपरा ‘सूपशास्त्र’ (१८७५) आणि लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ (१९१०) यांच्यापासून जोमात असली, तरी ती स्वयंपाकघर, भांडी आणि मापे गृहीत धरून वाढली. आगटीचा फुफाटा किती हवा किंवा पाला किती कोंबायचा, हे वाटी-चमच्यात मांडता येत नाही. या कृतींची देवाणघेवाण म्हणूनच समक्ष भेटीत, एकाच्या शेतावरून दुसऱ्याच्या शेतावर, होत राहिली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या रीतीचा आधारच आक्रसला. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यापासून (१९५०) सुरू झालेल्या प्रवाहाने पाण्याखालच्या जमिनी उसाकडे वळवल्या. १९६४ मध्ये संकरित ज्वारीचा पहिला वाण प्रसारित झाला आणि उत्पादन वाढले, पण खरीप संकरित ज्वारीच्या दाण्याला हुरड्याची गोडी नव्हती. पुढे खरिपात सोयाबीनने तिचीही जागा घेतली. १९७२ च्या दुष्काळात तर ज्वारीच्या मुलखाला परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीवर दिवस काढावे लागले. गूळभेंडीसारखे हुरड्याचे देशी वाण बांधाकडेच्या दोन-चार तासांपुरते, म्हणजे ओळींपुरते, उरले.

हुरड्याला पुन्हा बरे दिवस आणले ते शहराने, आणि पैसे मोजून. गेल्या दोन-तीन दशकांत पुणे, अहिल्यानगर, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर या शहरांच्या आसपास ‘हुरडा पार्टी’ हा व्यवसाय झाला, आणि २०२० मध्ये राज्याने कृषी पर्यटनाचे स्वतंत्र धोरणही आणले. ओळखीवाचून हुरडा मिळू लागला ही शेत नसलेल्या लाखो कुटुंबांची सोय आहे, आणि चोळणाऱ्या हातांना रोख मजुरी मिळते हेही जुन्या व्यवस्थेपेक्षा बरे म्हणावे लागेल. मात्र येणाऱ्या गर्दीला पिकाचे आठ दिवस पुरत नाहीत. म्हणून हुरडा पार्टीचे व्यावसायिक एकाच शेतात टप्प्याटप्प्याने पेरणी करतात, जेणेकरून डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत दर रविवारी कुठला तरी तुकडा हुरड्यात असेल. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे ‘फुले उत्तरा’ व ‘फुले मधुर’ आणि परभणीच्या विद्यापीठाचा ‘परभणी वसंत’ हे वाण खास हुरड्यासाठी पैदास केलेले आहेत, आणि त्यांची निवड करताना गोडीइतकाच विचार दाणा कणसातून किती सहज सुटतो याचाही झाला आहे.