स्वस्त जॅग्वारची महाग हौस

१९६१ साली जिनिव्हात झळकलेली जॅग्वार ई-टाइप ताशी २४० किलोमीटरचा दावा करी, तोही फेरारीच्या निम्म्याहून कमी पैशांत. १९७३च्या तेलसंकटानंतर बारा सिलिंडरच्या जुन्या ई-टाइप ब्रिटनमध्ये स्वस्त झाल्या. भाव उतरला, भूक नाही: लिटरला जेमतेम पाच-सहा किलोमीटर. मागचे डिस्क ब्रेक चाकांपाशी नव्हे, तर डिफरन्शिअलला खेटून; डिस्क बदलायची तर मागचा अख्खा सांगाडा खाली उतरवायचा. मजुरी मात्र नव्या गाडीचीच. शिवाय पत्रा खालून गंजायचा, तो वेगळाच.

कुणी म्हणेल, १९८०च्या दशकाअखेर भाव कडाडले आणि मालकांचं भलं झालं. खरं आहे, पण हा हिशेब वाचलेल्या गाड्यांचा. भंगारात गेलेल्यांची बिलं त्यात कोण धरतो? आणि बहुतेकांनी ती गुंतवणूक म्हणून घेतलीच नव्हती. बारा सिलिंडरांची ती सलग ओढ पगारदाराला दुसऱ्या कुठल्या गाडीत परवडणार होती?