माळ्यावरची चित्रं

स्मरणिकेसाठी लिहा, असं कमिटीने सांगितलं तेव्हा मी विचारलं, "पाण्याच्या टाकीचा इतिहास लिहू का?" सेक्रेटरी म्हणाले, "तो दरवर्षी वार्षिक सभेत ऐकतोच, काका. तुमच्या चित्रांचं लिहा." म्हणून हे चार शब्द.

मी चित्रकार नाही. जन्मभर बँकेत आकडे लिहिले. निवृत्तीनंतर छंद लागला तो जुनी छापील चित्रं जमवायचा.

आपल्या साध्या घरांत चित्रं आली ती छापखान्यातून. राजा रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. असे रंग एकावर एक छापत लक्ष्मी-सरस्वती तयार होत. ज्यांना तैलचित्र परवडणारं नव्हतं, त्यांच्याही भिंतीवर त्या आल्या. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाला फराळाबरोबर वाचायची सवय लागली. मग आले गोव्याचे दीनानाथ दलाल. जन्म १९१६ चा, शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. १९४५ साली त्यांनी 'दीपावली' सुरू केला. १९७१ साली ते गेले, पण त्यांची मुखपृष्ठं आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर अजून आहेत.

आमच्या गिरगावच्या चाळीत दहा बाय बाराची खोली, माणसं सात. भिंतीवर चित्र लावायला जागा कुठली? पण वडिलांची एक पत्र्याची ट्रंक होती आणि तिच्यात दिवाळी अंक. रविवारी दुपारी ते एकेक अंक काढत, मुखपृष्ठ मांडीवर ठेवून नुसतं बघत बसत. आम्हां पोरांना हात धुतल्याशिवाय शिवायची परवानगी नव्हती.

पंचवीस वर्षांपूर्वी या सोसायटीत राहायला आलो. नवं घर, नवं फर्निचर. "हा कचरा तिकडे कशाला?" म्हणून मी अख्खी ट्रंक रद्दीवाल्याला दिली. इथे आल्यावर वडिलांनी एकदाच विचारलं, "ट्रंक आली का रे?" मी खरं ते सांगितलं. "बरं," म्हणाले आणि गॅलरीत जाऊन बसले. पुढे दोन वर्षांनी ते गेले. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

आता मी हुतात्मा चौकातल्या फुटपाथवर जुने अंक शोधतो. दुपारी भिंग घेऊन बघतो. दुरून गुलाबी दिसणारा गाल जवळून नुसते लाल-पिवळे ठिपके असतो! सुटलेली पानं खळीने चिकटवतो. रविवारी सोसायटीच्या ऑफिसात मुलांबरोबर चित्रं काढतो. हात थरथरतो, पण मुलं सांभाळून घेतात.

गेल्या वर्षी 'सी' विंगमधल्या एका आजींनी माळ्यावरचा एक 'दीपावली' आणून दिला. मुखपृष्ठावर हळदीचं बोट उमटलेलं. मी ते पुसलं नाही.

एक विनंती. यंदा दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरची रद्दी बांधण्याआधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. आणि खरंच नको असेल, तर माझ्या दाराची बेल वाजवा. हात धुऊन उघडतो.