किनाऱ्यावरचे गणित

मालाडच्या पश्चिमेस मार्वेच्या धक्क्यावर उभे राहिले म्हणजे खाडीपलीकडे माडांची जी रांग दिसते, ती मनोरी. 1534 साली वसईच्या मुलुखाबरोबर हा किनारा पोर्तुगीज अमलाखाली गेला, 1739 च्या वसईच्या स्वारीनंतर तेथे पेशव्यांचा जरीपटका फडकला आणि पुढे इंग्रजांचे दफ्तर आले; परंतु देवळात जाणारा कोळी असो वा चर्चमध्ये जाणारा, त्याच्या दिवसाची आखणी यांपैकी कोणत्याही सरकारने केली नाही. ती भरती-ओहोटीने केली. या किनाऱ्यावरची डोल मासेमारी पाण्याच्या ओढीवरच चालते: नरसाळ्यासारखे निमुळते लांब जाळे समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना बांधून प्रवाहाच्या तोंडाशी धरावयाचे, ओढीबरोबर बोंबील आणि जवळा आत येऊ द्यावयाचा, आणि ओढ मंदावून पाणी फिरावयाच्या आत जाळे उचलावयाचे. वेळ चुकली की कष्ट वाया गेले. म्हणून येथे वेळेचे ज्ञान हीच मोठी मिळकत मानावी लागते.

हे ज्ञान मुंबईपासून अलिबागेपर्यंतच्या नावाड्यांनी एका सुटसुटीत हिशेबात बांधून ठेवले आहे: तिथीची पाऊणकी करावी, म्हणजे भरतीचा तास मिळतो. अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण मध्यान्हाच्या व मध्यरात्रीच्या सुमारास, आणि अष्टमीच्या आगेमागे पाण्याचा जोर ओसरतो तो भांग. वास्तविक पंधरा तिथींत भरती बारा तास पुढे सरकते, म्हणजे एका तिथीस अठ्ठेचाळीस मिनिटे. पाऊणकीत पंचेचाळीसच धरली जातात. पण तिथीमागची ही तीन मिनिटे ज्याने सोडून दिली, त्याने शाळेत पाऊणकी पाठ न केलेल्या खलाशालाही बोटांवर हिशेब करता येईल अशी सोय केली. उपयोगापुरती अचूकता कोठवर हवी, याचा हा विवेक मला अत्यंत शास्त्रीय वाटतो.

या हिशेबाचा पाया मात्र पंचांग. आणि पंचांगाची कथाही याच समुद्रकाठी घडली आहे. मुरूडजवळच्या नांदगावी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात केशव दैवज्ञ नावाचे ज्योतिषी होऊन गेले. ग्रहांचे वेध घेऊन ग्रंथोक्त गणित आणि प्रत्यक्ष आकाश यांत कोठे व किती अंतर पडते, ते त्यांनी नोंदवून ठेवले, आणि काळ लोटल्यावर पुन्हा अंतर पडेल तेव्हा पुढच्या गणकांनी स्वतः वेध घेऊन गणित सुधारावे, असेही सांगून ठेवले. आपला ग्रंथ कधीतरी चुकणार आहे, हे ग्रंथकर्त्यानेच सांगावे, यापरता प्रामाणिकपणा कोणता? त्यांचे पुत्र गणेश यांनी शके 1442 मध्ये, म्हणजे 1520 च्या सुमारास, ‘ग्रहलाघव’ रचला, आणि तो इतका सुलभ ठरला की तीनशे वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राची पंचांगे त्यावरच निघत राहिली. दुर्दैव एवढेच, की पुढच्यांनी मुलाची कोष्टके जपली, पण बापाची आज्ञा विसरले.

ती आज्ञा पाळणारा गृहस्थ अलिबागेजवळच्या नागावात 1825 साली जन्मास आला. केरो लक्ष्मण छत्रे तरुणपणी कुलाब्याच्या वेधशाळेत प्राध्यापक ऑर्लिबार यांच्या हाताखाली नोकरीस राहिले. ईस्ट इंडिया कंपनीने 1826 साली स्थापिलेल्या या वेधशाळेचे आरंभीचे मुख्य काम आकाशाचे वेध घेणे आणि जहाजांना बिनचूक वेळ देणे. तेथे वेधाची शिस्त अंगी बाणलेल्या केरोपंतांनी 1860 मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली आणि 1865 पासून आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने नवे पंचांग काढले. संक्रांत रूढ दिवसाच्या कित्येक दिवस आधी येऊ लागली, तेव्हा लोकांनी ते सहजी स्वीकारले नाही. तथापि केरोपंतांनी लोकरुचीसाठी गणित वाकविले नाही, आणि लोकांवर रागावून आपले ज्ञान इंग्रजी पोथ्यांत कोंडूनही ठेवले नाही. त्यांनी ते मराठीत, घरोघरी भिंतीशी टांगता येईल अशा रूपात, दरवर्षी लोकांपुढे ठेवले. डेक्कन कॉलेजात त्यांच्यापाशी गणित शिकलेल्या लोकमान्य टिळकांनी पुढे हाच पक्ष उचलून धरला.

केरोपंत 1884 साली वारले. त्यानंतर बारा वर्षांनी कुलाब्याच्या वेधशाळेची सूत्रे नानाभाई फ्रामजी मूस यांच्या हाती आली. त्या पदावर बसलेले हे पहिले भारतीय. 1846 पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची सलग नोंद चालत आली होती, आणि मूस यांच्याच कारकिर्दीत मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या आणण्याची तजवीज सुरू झाली. विजेच्या प्रवाहाने चुंबकसूची ढळणार हे उघड होते. मूस यांनी ट्रामला विरोध केला नाही, की दूषित नोंदी निमूटपणे पुढेही रेटल्या नाहीत. त्यांनी खाडीपार अलिबागेस, लोहाचा अंश टाळून, पोरबंदरी दगडाची नवी वेधशाळा उभी केली. आणि 1904 पासून 1906 पर्यंत, पूर्ण दोन वर्षे, कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी चालविल्या, जेणेकरून जुनी माळ आणि नवी माळ यांचा सांधा कोणालाही तपासता यावा. 1907 साली ट्राम धावली, तेव्हा साखळी तुटलेली नव्हती. त्या दुहेरी खर्चाचे आणि श्रमांचे फळ मूस यांच्या हयातीत दिसणार नव्हते. ज्यांचा जन्मही झालेला नाही अशा अभ्यासकांसाठी त्यांनी तो भार वाहिला.

अपोलो बंदरावर 1878 पासून चाललेल्या भरतीमापक यंत्राच्या नोंदीही अशाच. त्या घेतल्या जहाजांच्या सोयीसाठी; आज समुद्राची पातळी शतकभरात किती चढली हे सांगणाऱ्या आशियातील मोजक्या दीर्घ नोंदींत त्यांची गणना होते. पाण्याला लागून वस्ती असलेल्या मनोरीसारख्या गावाचा भविष्यकाळ त्या आकड्यांत गुंतलेला आहे.

परंतु एका जागेचा आकडा दुसऱ्या जागेची साक्ष देत नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या पर्जन्यमापकात चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच शहरात, त्याच दिवशी, कुलाब्यास जेमतेम 74. दोन्ही आकडे खरे होते. कुलाब्याचा आकडा वाचून कोणी उपनगरातील माणसास धीर दिला असता, तर तो खऱ्या आकड्याने केलेला घात ठरला असता. आपल्या वेधाची हद्द कोठे संपते हे सांगणे वेध घेण्याइतकेच आवश्यक आहे, आणि हे काम वर्तमानपत्रांवर वा सरकारी खात्यांवर सोपवून शास्त्रज्ञाला मोकळे होता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. वादळाची सूचनाही तशीच. बंदरावर बावटा चढला, पण तो चार दिवसांपूर्वी खोल समुद्रात गेलेल्या होडीपर्यंत पोहोचला नाही, तर त्या होडीपुरते ते ज्ञान अस्तित्वातच नव्हते.

मनोरीचा म्हातारा तांडेल आजही तिथी विचारतो, बोटांवर पाऊणकी करतो, तास काढतो. आणि मग जाळ्याला हात घालण्यापूर्वी होडीच्या काठावरून वाकून, पाण्यावरचा पालापाचोळा अजून कोणीकडे वाहतो आहे, ते पाहून घेतो.